खोकणारं, खारट घामाचं लेकरू उन्हाळ्याआधी ओळखा
डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांना कळकळीचं आवाहन



होळी तोंडावर आली आहे. वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर, रेतीबंदरांवर, उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत पोटासाठी गेलेली माणसं सणाला पाड्यावर परतू लागली आहेत. चार-आठ दिवस घरं भरलेली असतील. सण उरकला की बिऱ्हाड पुन्हा डोक्यावर, आणि मग थेट पावसाच्या तोंडाला परत. मधल्या एप्रिल-मेच्या उन्हात लहान पोरंही आईबापांबरोबर भट्टीवरच असतात.

या चार-आठ दिवसांत एक काम करा. आपल्या घरात, शेजारी, पाड्यावर असं लेकरू आहे का ते बघा, ज्याचा खोकला जाता जात नाही, जे भरपूर खातं पण अंगाला काही लागत नाही, आणि ज्याच्या कपाळाचा पापा घेतला की ओठांना मीठ लागतं. असेल तर त्याला भट्टीवर नेण्याआधी डॉक्टरांकडे न्या आणि स्पष्ट सांगा : "याची घामाची तपासणी करायची आहे."

या आजाराचं नाव सिस्टिक फायब्रोसिस. तो जन्मापासून असतो. वेळेत ओळखला तर मूल शाळेत जातं, मोठं होतं, कामाला लागतं. न ओळखला तर ते कुपोषणाच्या, न्यूमोनियाच्या किंवा टीबीच्या नावाखाली जातं आणि खरं कारण कुठल्याच कागदावर येत नाही. उन्हाळ्यात तर अशा बाळाच्या अंगातलं मीठ घामावाटे वाहून जातं आणि दोन-तीन दिवसांत त्याचा जीव धोक्यात येतो. म्हणून ही घाई.

काय बघायचं?

पुढचं प्रत्येक लक्षण एकटं असेल तर साधं कारणही असू शकतं. दोन-तीन एकत्र दिसली तर मात्र थांबू नका.

- न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो. खोकला महिना-महिना राहतो, औषधाने दबतो आणि औषध संपलं की परत येतो.
- बेडका घट्ट, चिकट, पिवळा-हिरवट असतो. छातीत घरघर कायम.
- भूक चांगली आहे, खायला मिळतंय, तरी वजनाची रेघ वर सरकत नाही.
- शी ढीगभर, तेलकट आणि फार घाण वासाची होते. शी करताना गुदद्वाराचा भाग बाहेर येतो.
- घाम वाळला की कपाळावर, मानेवर, झबल्यावर पांढरट मीठ दिसतं.
- उन्हाळ्यात जुलाब नसतानाही मूल मलूल पडतं, उलट्या करतं, दूध टाकतं.
- बोटांची टोकं फुगीर आणि नखं वाटोळी होत जातात.
- नुकत्याच जन्मलेल्या बाळाला पहिली काळी शी दोन दिवसांत होत नाही, पोट फुगतं, हिरवी उलटी होते. इथे तासाचाही उशीर नको. १०८ ला फोन करा आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.
- याच घरातलं आधीचं भावंड अशाच खोकल्याने किंवा "सुकत जाऊन" गेलेलं आहे.

घाम सगळ्यांचाच खारट असतो, मग यात विशेष काय, असं कुणी विचारेल. फरक प्रमाणाचा आहे. निरोगी मुलाच्या घामात क्लोराइड लिटरला ३० मिलिमोलपेक्षा कमी असतं. या आजारात ते ६० च्या वर जातं, अनेकदा १०० च्या आसपास. एवढा फरक आईच्या ओठांना कळतो. म्हणून आई "माझं बाळ खारट लागतं" म्हणाली तर तिला हसू नका. ती निदानातली पहिली आणि मोलाची खूण सांगत असते.

छातीत नेमकं काय बिघडतं?

आपल्या श्वासनळ्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. त्यातल्या बहुतेक पेशींवर डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. ते एका लयीत, सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात. ते नीट हलावेत म्हणून त्यांच्याभोवती पाण्याचा पातळ थर असतो, जेमतेम ७ मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे एका मिलिमीटरचा सुमारे दीडशेवा हिस्सा. त्या थरावर चिकट स्राव असतो. श्वासाबरोबर आत आलेली धूळ, चुलीचा धूर, जंतू त्या स्रावात अडकतात आणि केस तो स्राव घशाकडे ढकलत राहतात. झोपेतही हे काम चालू असतं.

पाण्याचा हा थर टिकतो तो मिठाच्या हिशेबावर. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड. शरीरात मीठ जिकडे जातं, तिकडे पाणी मागोमाग जातं. पेशीच्या पडद्यात क्लोराइडला ये-जा करण्यासाठी एक दार असतं. सीएफटीआर नावाच्या प्रथिनाचं, १,४८० अमिनो आम्लांच्या साखळीने बनलेलं. पेशीकडून इशारा मिळाला की ते उघडतं, क्लोराइड आणि बायकार्बोनेट बाहेर येतं, पाठोपाठ पाणी येतं आणि थर ओला राहतो.

सिस्टिक फायब्रोसिसमध्ये हे दारच बिघडलेलं असतं. कुणाच्या पेशीत ते तयारच होत नाही. कुणात तयार होतं पण नीट घडी न बसल्याने पेशी ते आतल्या आत मोडून टाकते. कुणात जागेवर पोचतं पण उघडत नाही. परिणाम सारखाच. क्लोराइड बाहेर येत नाही, उलट सोडियम आत ओढलं जातं, त्याच्याबरोबर पाणी जातं आणि तो पातळ थर आटतो. केस दबून पडतात. स्राव घट्ट होऊन नळ्यांना चिकटून बसतो आणि त्यात जंतू मुक्काम ठोकतात. आधी स्टॅफिलोकोकस आणि हिमोफिलस, पुढे स्यूडोमोनास. प्रत्येक संसर्गाबरोबर सूज येते, नळ्या रुंदावतात, फुप्फुसाचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. तो पुन्हा उभा राहत नाही. "थोडं मोठं झालं की बघू" हे वाक्य या आजारात जीवघेणं ठरतं ते यामुळेच.

स्वादुपिंडातही हेच होतं. पाचक रस घट्ट होऊन वाहिन्या तुंबतात, रस आतड्यात पोचत नाही. तेल, अंडं, डाळ जे काही पोटात जाईल ते बरंचसं न पचता बाहेर पडतं. आई घास भरवत राहते, पोर खात राहतं आणि वजन जागच्या जागी राहतं. अशा मुलाला नुसता जादा आहार देऊन भागत नाही. त्याला पचवणारं औषध लागतं.

घामाच्या ग्रंथीत याच दाराचं काम उलट दिशेचं आहे. घाम त्वचेवर येण्याआधी त्यातलं क्लोराइड परत आत घ्यायचं. दार बंद असलं की मीठ आत न घेताच घाम बाहेर पडतो. छातीतला बिघाड ओळखायला कातडीवरचा घाम तपासतात, ते या नात्यामुळे.

उन्हाचा धोका न्यूयॉर्कला कळला, आपल्यालाही कळायला हवा

डॉ. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. पुढे १९४८ च्या ऑगस्टमध्ये त्या शहरात उष्णतेची लाट आली. उन्हाने कोसळलेली मुलं रुग्णालयात आली, तेव्हा त्यांत याच आजाराची मुलं नजरेत भरण्याइतकी निघाली. डॉ. पॉल दि सांताग्नेस यांनी त्याचा माग काढला आणि १९५३ मध्ये घामातल्या जादा मिठाचा शोध जगासमोर ठेवला. १९५९ मध्ये गिब्सन आणि कुक यांनी घाम तपासायची सुरक्षित पद्धत दिली. आजही निदान त्याच पद्धतीने होतं. १९८९ मध्ये सातव्या गुणसूत्रावरचं सदोष जनुक सापडलं.

न्यूयॉर्कच्या एका उन्हाळ्यात जे झालं ते आपल्याकडे दर वर्षी होऊ शकतं. दुपारी भट्टीवर सावली नसते. झोपडीवर पत्रा किंवा ताडपत्री. आई विटा थापत असते, बाळ शेजारी गोधडीवर. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईच्या दुधातून मिळणारं मीठ मुळातच थोडं, आणि या बाळाच्या घामातून ते भराभर जातं. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड तिन्ही खाली येतात. जुलाब नसल्यामुळे कुणाला पाणी-मीठ कमी झाल्याची शंकाच येत नाही. "ऊन लागलं" किंवा "नजर लागली" म्हणून एक दिवस जातो, दुसरा जातो, आणि तिसऱ्या दिवशी गाडी शोधायची वेळ येते.

आपल्याकडे हा आजार का निसटतो?

पहिलं कारण म्हणजे हा "गोऱ्यांचा आजार" असल्याचा जुना समज. भारतात १९६० च्या दशकापासून या आजाराची मुलं नोंदली गेली आहेत. ब्रिटन-अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांवरून काढलेले अंदाज साधारण १०,००० ते ४०,००० जन्मांत एक असे आहेत. २०११ च्या जनगणनेत डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांची लोकसंख्या मिळून साडेपाच लाखांच्या वर होती. दर हजारी अठरा-वीस जन्म धरले तर वर्षाला दहा हजारांच्या आसपास बाळं जन्मतात. म्हणजे या दोन तालुक्यांत वर्षाला एक, किंवा चार वर्षांत एक, असं बाळ जन्माला येत असेल असा साधा हिशेब निघतो. आकडा लहान वाटेल. पण वीस वर्षांत ही पाच ते वीस लेकरं होतात.

दुसरं कारण कुपोषण. १९९२ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीतले बालमृत्यू महाराष्ट्राला हादरवून गेले. तेव्हापासून आपला सगळा भाग कुपोषणाशी झुंजतो आहे, आणि ती झुंज खरी आहे. पण त्यामुळे एक सवय लागली. पालघरचं वाळलेलं मूल दिसलं की कारण ठरलेलं. सॅम (अतितीव्र कुपोषित), मॅम (मध्यम तीव्र कुपोषित) अशी नोंद होते, ग्राम बालविकास केंद्रात नाव जातं, आहार सुरू होतो. बहुतेक मुलं त्याने सुधारतात. जी सुधारत नाहीत, त्यांच्याबद्दल वेगळा प्रश्न विचारायला हवा. पूर्ण आहार मिळूनही वजन वाढलं नाही, याचा दोष आईच्या माथी मारण्याआधी त्या मुलाची शी बघा, छाती ऐका, घाम तपासा.

तिसरं कारण टीबी. दीर्घ खोकला आणि घटतं वजन म्हटलं की टीबीची शंका योग्यच. टीबी आपल्याकडे आहे, आणि त्याची तपासणी आधी व्हायलाच हवी. चालू असलेलं टीबीचं औषध डॉक्टरांना न विचारता एक दिवसही सोडू नका. पण तपासणीत जंतू सापडले नाहीत, औषधांचा पूर्ण कोर्स झाला आणि खोकला तसाच राहिला, तर पुन्हा तोच कोर्स सुरू करण्याआधी घामाची तपासणी मागा.

चौथं कारण स्थलांतर. एक न्यूमोनिया डहाणूत, दुसरा भिवंडीत, तिसरा सिल्वासात. प्रत्येक डॉक्टरांना तो पहिलाच वाटतो. कागद हरवतात आणि आजाराची साखळी जुळत नाही.

घामाची तपासणी कशी होते?

यात सुई नाही, रक्त नाही. मुलाच्या हाताच्या आतल्या बाजूला पिलोकार्पिन नावाचं औषध लावून पाच मिनिटं अगदी सौम्य विद्युतप्रवाह देतात. किंचित मुंग्या येतात, तेवढंच. मग तिथे घाम सुटतो. तो सुमारे अर्धा तास गाळणकागदावर किंवा बारीक नळीच्या वेटोळ्यात गोळा करतात आणि त्यातलं क्लोराइड मोजतात. ६० किंवा त्याहून जास्त आलं तर आजार, ३० ते ५९ आलं तर पुढच्या तपासण्या, ३० च्या खाली तर शक्यता फार कमी. मूल दोन आठवड्यांहून मोठं असावं आणि त्या दिवशी फार आजारी किंवा सुकलेलं नसावं.

यासाठी परदेशी यंत्रच हवं असंही नाही. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. एस. के. काबरा आणि सहकाऱ्यांनी घाम गोळा करून क्लोराइड मोजायची देशी पद्धत विकसित केली आणि २००२ मध्ये ती प्रसिद्ध केली. जनुकाची तपासणी यानंतर येते. युरोपात सर्रास आढळणारा 'एफ५०८डेल' हा दोष भारतीय रुग्णांत त्या प्रमाणात सापडत नाही. त्यामुळे मोजकेच दोष शोधणाऱ्या तपासणीत "काही नाही" असं आलं तरी घाम तपासल्याशिवाय मुलाला आजारमुक्त म्हणू नये.

निदान झालं तर पुढे काय?

घाबरून जाऊ नका. बरेचसे उपचार साधे आहेत, रोजचे आहेत आणि घरी करता येतात. जेवणाबरोबर पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं जादा मीठ, उन्हाळ्यात त्याहून थोडं अधिक. तेल, शेंगदाणे, अंडी, सुकट, बोंबील असं भरपूर ताकद देणारं जेवण. सकाळ-संध्याकाळ छाती-पाठ थापटून, वेगवेगळ्या कुशीवर झोपवून बेडका मोकळा करणं. फिजिओथेरपिस्टने एकदा नीट शिकवलं की आई-बाप, आजी, मोठी बहीण कुणीही ते करू शकतं. खाऱ्या पाण्याची वाफ नेब्युलायझरने. संसर्ग दिसताच पुरेसं आणि पूर्ण अँटिबायोटिक. सगळ्या लसी वेळेवर. आणि घरातला विडी-चुलीचा धूर मुलापासून दूर.

आठ-दहा दशकांपूर्वी ही मुलं शाळेचं वय गाठण्याआधीच जात. आज जिथे निदान वेळेत होतं आणि उपचार मिळतात, तिथे ती मोठी होऊन संसार करतात, पन्नाशी पार करतात. २०१२ पासून थेट त्या बिघडलेल्या दारावर काम करणारी औषधं आली. २०१९ मध्ये तीन औषधांची एकत्र गोळी आली. दोन औषधं दाराची घडी बसवून त्याला जागेवर पोचवतात, तिसरं ते उघडं ठेवतं. हे उपचार शोधण्याचं काम करणाऱ्या मायकेल वेल्श, हेसूस गोन्झालेझ आणि पॉल नेगुलेस्कू यांना वैद्यकीय संशोधनासाठीचा २०२५ चा लास्कर पुरस्कार मिळाला. पण अमेरिकेत त्या गोळ्यांची वर्षाची किंमत तीन लाख डॉलरच्या वर आहे. आपल्या पैशात अडीच कोटींहून जास्त. ती औषधं गरिबाच्या पोरालाही मिळाली पाहिजेत, ही मागणी आपण सोडता कामा नये.

त्यासाठी आधी मूल कागदावर यावं लागतं. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात सिस्टिक फायब्रोसिसचा समावेश आहे. पाचक एन्झाइमसाठीही आणि नव्या औषधांसाठीही. या धोरणाखाली ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे आणि मुंबईचं केईएम रुग्णालय हे त्याचं नेमलेलं केंद्र आहे. निदान नसेल तर नोंद नाही, आणि नोंद नसेल तर त्या मदतीवर आपला हक्क सांगता येत नाही.

कुणी काय करावं?

आई-वडिलांनो, वरची लक्षणं दिसत असतील तर सायवन, गंजाड, उधवा, जे जवळ असेल त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथून कासा किंवा डहाणूचं उपजिल्हा रुग्णालय, तलासरीचं ग्रामीण रुग्णालय, आणि तिथल्या बालरोगतज्ज्ञांची मुंबईसाठी चिठ्ठी घ्या. परळला केईएम आणि मुलांचं वाडिया रुग्णालय जवळजवळ आहेत. डहाणू लोकलने दादरला उतरून जाता येतं. निघण्याआधी आरोग्य केंद्रातून फोन करायला सांगा : घामाची तपासणी कुठल्या दिवशी, कुठल्या विभागात होईल. मुलाचे सगळे कागद, एक्स-रे, लसीकरणाचं कार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि भट्टीवर जाताना ती पिशवी बरोबर न्या. भगताकडे जायचं असेल तर जा, पण दवाखान्यात आधी जा.

आशाताई, अंगणवाडीताई, तुमच्याकडून सगळ्यात मोठी आशा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये कोसबाडला नेलं. पोर शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेली. आज देशभर चाललेल्या अंगणवाडीची मुळं डहाणू तालुक्यात आहेत. तुमच्या वजनाच्या रजिस्टरात तीन महिने आहार घेऊनही न वाढलेली नावं वेगळी काढा. त्यांच्यापुढे खोकला, शी आणि खारट घाम असे तीन प्रश्न लिहा. दोन उत्तरं "हो" आली की ते नाव त्याच आठवड्यात आरोग्य केंद्राला द्या. होळीला परतलेल्या कुटुंबांपासून सुरुवात करा. ती आधी निघून जातील.

डॉक्टर मंडळी, तुमच्यावर रुग्णांचा किती भार असतो ते आम्ही ओपीडीच्या रांगेत उभे राहून बघतो. एवढीच विनंती : जुलाब नसताना सुकलेलं बाळ आलं तर इलेक्ट्रोलाइट बघा. क्लोराइड, सोडियम, पोटॅशियम कमी आणि रक्त अल्कधर्मी असेल तर सिस्टिक फायब्रोसिसची शंका कागदावर लिहा. वर्षात दुसरा-तिसरा न्यूमोनिया असेल तर संदर्भचिठ्ठीत "घाम क्लोराइड तपासणी करावी" हे चार शब्द घाला. या चार शब्दांनी मुंबईतल्या फेऱ्या वाचतील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत जातात, त्यांच्या तपासणीतही हे प्रश्न यावेत.

भट्टीमालक, वाडीमालक, कंत्राटदार, तुमच्या जागेवर लहान पोरं आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी सावलीची जागा, पिण्याचं स्वच्छ पाणी आणि ओआरएसची पाकिटं ठेवा. मूल मलूल पडलं तर त्या दिवशीची मजुरी न कापता आई-बापांना दवाखान्यात जाऊ द्या, गाडी द्या. उचल दिली म्हणून कुणाचं पोर अडवून धरता येत नाही.

जिल्हा प्रशासन आणि जिल्हा परिषदेला आमची मागणी आहे : घामाची तपासणी पालघर जिल्ह्यात सुरू करा. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात किंवा धुंदलवाडीजवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी करार करून. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा वेगळा झाला तो सेवा जवळ याव्यात म्हणून. सिकलसेलच्या तपासणीने दाखवून दिलं आहे की मनावर घेतलं तर आनुवंशिक आजाराची तपासणी पाड्यापर्यंत पोचते. तेच इथेही होऊ शकतं. पाचक एन्झाइम आणि नेब्युलायझर उपजिल्हा रुग्णालयात मोफत मिळावेत. ग्रामसभांनी तसे ठराव करून पाठवावेत.

आणि ज्यांचं बरं चाललं आहे, त्या डहाणूच्या बागायतदारांनी, व्यापाऱ्यांनी, नोकरदारांनी एका मुलाच्या मुंबईच्या येण्या-जाण्याचा आणि महिन्याच्या औषधाचा भार उचलावा. पैसे थेट त्या कुटुंबाच्या किंवा रुग्णालयाच्या हाती द्या.

आईला दोष देऊ नका

हा आजार शापाने, करणीने किंवा आईच्या खाण्यापिण्याने होत नाही. तो पोराकडून शेजारच्या पोराला लागतही नाही. आई आणि वडील दोघांकडे त्या जनुकाची एकेक सदोष प्रत असते. दोघंही ठणठणीत असतात, त्यांना कल्पनाही नसते. दोघांची सदोष प्रत बाळाकडे आली तरच आजार होतो, आणि ही शक्यता प्रत्येक बाळंतपणात चारात एक असते. त्यात बापाचा वाटा आईइतकाच आहे. तेव्हा अशा बाईला टाकू नका, टोचून बोलू नका, दुसरं लग्न करून सुटायला बघू नका. पुढच्या मुलाचा विचार असेल तर आधी मुंबईत आनुवंशिकता तज्ज्ञांचा सल्ला घ्या. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच बाळाची तपासणी करता येते, मात्र त्यासाठी पहिल्या मुलाचं निदान झालेलं असावं लागतं.

घाम तपासलेल्या मुलांपैकी बहुतेकांना हा आजार नसेलच. तरीही फेरी वाया जाणार नाही. पुन्हा पुन्हा होणाऱ्या न्यूमोनियामागे दमा असेल, लपलेला टीबी असेल, हृदयाला जन्मतः छिद्र असेल, तेही याच शोधात सापडेल आणि त्यावरही उपाय आहेत.

तेव्हा होळीच्या आठवड्यात प्रत्येक पाड्यावर एक बैठक घ्या. हे आवाहन मोठ्याने वाचून दाखवा, लागलं तर वारलीत समजावून सांगा. कुठल्या घरात असं लेकरू आहे ते विचारा. त्याचं नाव, वजन आणि लक्षणं एका कागदावर लिहा, कागद आशाताईंच्या हाती द्या, आणि ते कुटुंब पाड्यावरून निघण्याआधी ते मूल डॉक्टरांच्या समोर गेलं याची खात्री पाड्याने करावी. ऊन चढायला फार दिवस उरलेले नाहीत. आजच सुरुवात करा.